टेकडीवरची मतं

त्या वर्षी सर्व संतांचा सण शनिवारी आला आणि राष्ट्राध्यक्षाची निवडणूक मंगळवारी. हुडाक मंडळींनी दुपारी दफनभूमीत जाऊन वेरोनाच्या नवऱ्याच्या, आंद्रेयच्या थडग्यावर मेणबत्त्या लावल्या, प्रार्थना म्हटली, आणि नदीवरून येणाऱ्या वाऱ्यात माना खाली घालून सगळे वेरोनाच्या घरी जेवायला परतले. एमिलचं प्रार्थनेत लक्ष नव्हतं. कोटाच्या आतल्या खिशात मतदारांची यादी होती, आणि सबंध आठवडाभर त्याच्या डोक्यात तीच घोळत होती.

एमिल वेरोनाचा थोरला. सेहेचाळीस वर्षांचा, पोलादाच्या कारखान्यात सत्तावीस वर्षं भट्टीपुढे भाजून निघालेला, युनियनचा चिटणीस आणि वॉर्डातला पक्षाचा कार्यकर्ता. पिट्सबर्गजवळचं हार्लो फेरी गाव नदीकाठच्या सपाटीवर आणि टेकडीवर असं दोन ठिकाणी वसलेलं. मतदान खाली, बंबखान्यात. टेकडीवरून उतरायचं तर दोनशे लाकडी पायऱ्या. म्हणून मतदानाच्या दिवशी टेकडीवरच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना गाडीतून खाली आणायचं आणि परत सोडायचं, हे काम त्याने छत्तीस सालापासून अंगावर घेतलं होतं. आधी उसन्या गाडीतून, मग स्वतःच्या. एमिलच्या गाडीत बसलेलं मत कधी वाट चुकत नाही, असं गावात म्हणत.

जेवायला आई, एमिल, त्याची बायको अ‍ॅग्नेस, बहीण ल्युदमिला आणि धाकटा सिरिल एवढीच माणसं होती. ल्युदमिलाचा नवरा गुस्टाव्ह तीन ते अकराच्या पाळीला गेला होता. कोंबडीचं सूप झालं, कोबीच्या पानांतला खिमा-भात वाढला गेला, तेव्हा एमिलने यादी काढून काट्याशेजारी ठेवली. टेकडीवरच्या चर्चमध्ये ल्युदमिलाचं जपमाळेच्या बायकांचं मंडळ होतं, दोन डझन बायकांचं. पहिली खेप नऊ वाजता, तिने सगळ्यांना चर्चपाशी जमवावं, असं त्याने सांगायला सुरुवात केली.

"दादा, माझं नाव त्या यादीतून काढ," ल्युदमिला म्हणाली. "मी यंदा जनरलसाहेबांना मत देणार आहे."

एमिलला आधी वाटलं, थट्टा करते आहे. या घरात येशूच्या तसबिरीशेजारी आजही त्या राष्ट्राध्यक्षाचा फोटो होता, ज्याने मंदीत गरिबाला हात दिला, युनियनला कायद्याचं बळ दिलं आणि म्हातारपणी चार पैसे मिळतील अशी सोय केली. जनरलसाहेबांचा पक्ष म्हणजे कारखान्याच्या मालकांचा आणि फोरमनांचा, हे हुडाकांची पोरं चालायला लागायच्या आधी शिकत.

सिरिलला मात्र उकळ्या फुटल्या. तो तेहतीस वर्षांचा, याच जनरलच्या हाताखाली नॉर्मंडीच्या किनाऱ्यापासून जर्मनीपर्यंत लढून आलेला. परतल्यावर सैनिकांना मिळणाऱ्या कर्जातून त्याने गावाबाहेरच्या नव्या वस्तीत घर घेतलं होतं आणि तो फ्रिज विकायचा. ताई बरोबर बोलते आहे, तो म्हणाला. मटणाचे भाव बघा, टॅक्स बघा. वीस वर्षं एकाच पक्षाचं राज्य, घरातले पडदेसुद्धा माणूस त्याआधी धुवायला काढतो.

ल्युदमिला त्याच्याकडे वळली. "सिरिल, तुझ्या टॅक्सचं ओझं माझ्या रूडीच्या खांद्यावर टाकू नकोस. तुझं कारण वेगळं, माझं वेगळं."

सिरिलचा चेहरा उतरला. आत्ता कुठे ताई आपल्या बाजूची झाली होती, ती पानावर बसल्याबसल्याच परत गेली.

रूडी तिचा एकुलता एक मुलगा. मार्चपासून कोरियात होता. लढाई सुरू होऊन दोन वर्षं उलटली होती, तहाची बोलणी सव्वा वर्ष रखडली होती, आणि त्या ऑक्टोबरात तर एकेका उघड्या डोंगरासाठी पोरं मरत असल्याच्या बातम्या रोज येत होत्या. अशात जनरलसाहेबांनी भाषणात सांगितलं होतं, निवडून आलो तर मी स्वतः कोरियात जाईन. एमिलच्या मते ती निव्वळ मतांसाठी गळाला लावलेली अळी होती. जाऊन काय करणार होते? बर्फ बघून येणार?

"निदान जाईन तरी म्हणाले," ल्युदमिला म्हणाली. "तुझ्या पक्षाचे गव्हर्नरसाहेब सज्जन आहेत. बोलतातही सुरेख. पण त्यांचं भाषण ऐकून मला एकदाही वाटलं नाही, की माझं पोर घरी येईल."

"आणि आपल्या पोटाला कोणी घातलं, ते विसरलीस?"

"पोटाला घातलं ते विसरले नाही, दादा. पण आता पोटचा पोरगा तिकडे आहे." ती आवाज न चढवता बोलत होती. "रूडी वीस वर्षांचा. बंदूक धरायला चालतो, मत द्यायला मात्र एक वर्ष कमी पडतं. त्याचं मत मी देणार आहे."

इथे थांबायला हवं होतं, हे एमिलला नंतर पटलं. पण तो भडकला होता. बाबांच्या थडग्यावर मेणबत्ती लावून आलेले हात अजून गार झाले नाहीत, तोवर बाबांचे हात जाळणाऱ्या भट्टीच्या मालकांना मत द्यायला निघालीस, असं तो बोलून गेला.

ल्युदमिलाने पर्समधून एक पत्र काढलं. ते इतक्या वेळा घड्या घालून उलगडलेलं होतं, की घडीवर कागद विरला होता. तिने ते वाचून दाखवलं. रूडीने लिहिलं होतं, की रात्री समोरून हल्ला आला की ते मागच्या तोफांना गोळे टाकायला सांगतात. परवा सांगितलं तर उत्तर आलं, आजचा वाटा संपला. कॅप्टन म्हणाले, तिकडे घरी पोलादाचे कारखाने बंद आहेत, गोळे येणार कुठून. 'आई, एमिलमामाला हे सांगू नकोस,' असं खाली लिहिलेलं होतं.

त्या उन्हाळ्यात त्रेपन्न दिवस संप झाला होता. हार्लो फेरीत तो संप ज्यांनी चालवला, त्यांच्यात एमिलचं नाव पहिलं होतं.

"त्रेपन्न दिवस मी युनियनच्या स्वयंपाकघरात सूप ढवळलं," ल्युदमिला म्हणाली. "संप बरोबर होता. मी आजही म्हणेन. पण हे पत्र आल्यापासून मला त्या सुपाचा वास सोसत नाही."

"कधी आलं हे?"

"ऑगस्टमध्ये."

"मला तेव्हाच का नाही दाखवलंस?"

"संपानंतर तुला झोप लागत नव्हती. वहिनीने सांगितलं होतं."

एमिलने यादी उचलून पुन्हा खिशात ठेवली. वेरोनाने खसखशीचा रोल कापायला घेतला आणि सांगितलं, की कोणी ताटावरून उठायचं नाही. मग सगळ्यांनी तो खाल्ला, पण गोड होता की खारट, कोणालाच सांगता आलं नसतं.

रविवारी चर्चहून आल्यावर पक्षाचा वॉर्डप्रमुख डोलन एमिलच्या ओसरीवर येऊन बसला. डोलन वाईट माणूस नव्हता. गावात कोणाच्या घरी कोळसा संपला तर आधी त्याला कळायचं, आणि संध्याकाळच्या आत कोळसा पोचायचा. त्याने एमिलला शब्द दिला होता, की जानेवारीपासून जिल्ह्याच्या रस्तेखात्यात तपासनिसाची नोकरी मिळेल. एमिलच्या छातीत दोन वर्षांपासून घरघर होती. भट्टीपुढे आणखी किती हिवाळे निघतील, याची अ‍ॅग्नेसला धास्ती वाटायची.

डोलनच्या कानावर टेकडीवरची कुणकुण गेली होती. ल्युदमिला आणि तिच्या दोन डझन बायका. त्यातल्या सहा जणींची पोरं कोरियात, बाकीच्यांचे भाचे-पुतणे.

"मी कोणाला मत देऊ नका म्हणत नाही," डोलन म्हणाला. "तुझी गाडी जुनी आहे. मंगळवारी सकाळी सुरू झाली नाही, तर कोण काय म्हणणार? पायऱ्या तर आहेतच. ज्यांना उतरायचं त्या उतरतील."

एमिलने विचार करतो म्हणून सांगितलं. डोलनने त्याच्या खांद्यावर थोपटलं, अ‍ॅग्नेसच्या केकची तारीफ केली आणि गेला. अ‍ॅग्नेसने सगळं जाळीच्या दारामागून ऐकलं होतं. ती एवढंच म्हणाली, "मी तुम्हाला काही सांगणार नाही. पण जानेवारीत तुम्ही त्या भट्टीपुढे नसाल, एवढं एकच मागणं मी देवाकडे मागत होते."

मतदानाच्या दिवशी गाडी घरात ठेवायची. त्यात खोटं असं फारसं नव्हतं. एमिल सोमवारी पाळीभर स्वतःला तेच समजावत राहिला. दोन डझन मतांनी देशाचा राष्ट्राध्यक्ष ठरत नाही. शिवाय त्या बायका चुकत होत्या, याबद्दल त्याला आजही शंका नव्हती. पोरांच्या काळजीने त्या मालकांच्या पक्षाला मत देणार, आणि उद्या ती पोरं परत आली, की त्यांची मजुरी तोच पक्ष कापणार. मग त्यांचं भलं कशात होतं?

पाळी सुटल्यावर तो आईकडे गेला. वेरोना पोळपाटावर शेवया कापत होती. सदुसष्ट वर्षांची, पण सुरी अजून भराभर चालायची. त्याने डोलनचं सगळं सांगितलं. ती सुरी न थांबवता ऐकत होती.

"तुझे बाबा चोवीसच्या हिवाळ्यापासून आठ महिने घरी बसले, आठवतं?"

आठवत होतं. त्याच हिवाळ्यात शाळा सोडून एमिलने भट्टी धरली होती. बाबांचं फोरमनशी भांडण झालं, असं तेव्हा मुलांना सांगितलं होतं.

"भांडण नव्हतं," वेरोना म्हणाली. "त्यांना नागरिकत्व मिळालं, त्यानंतरचं पहिलं मतदान. फोरमनने सगळ्या स्लोव्हाक माणसांना पाळी संपल्यावरही अडकवून ठेवलं. फाटकाला कुलूप. मतदान संपेपर्यंत कोणी बाहेर पडायचं नाही. तुझे बाबा कुंपणावरून उडी मारून गेले. तोंडाला काजळी तशीच. मत दिलं, आणि दुसऱ्या दिवशी नाव कमी झालं. मी चार भाडेकरू ठेवले, त्यांचे कपडे धुतले, आणि आपण जगलो."

"मला कधी सांगितलं नाहीत."

"तू पोरसवदा होतास, रागीट होतास. फोरमनला मारायला गेला असतास." तिने शेवया पिठात घोळवल्या. "त्यांनी मत कोणाला दिलं, ते मला आजतागायत माहीत नाही. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. फोरमनने फाटक लावलं होतं, एमिल. तू गाडी लावून ठेव. फरक एवढाच, की फोरमन आपला नव्हता."

आईने त्याच्या हातावर शेवयांची पुडी ठेवली, अ‍ॅग्नेसला दे म्हणाली, आणि दुसरा गोळा लाटायला घेतला.

मंगळवारी सकाळपासून बर्फाळ भुरभुर सुरू होती. गावातले दारूचे गुत्ते कायद्याने बंद, त्यामुळे बंबखान्यापुढे बाप्यांची गर्दी होती. टेकडीवर चर्चच्या वळचणीला बायका डोक्याला रुमाल बांधून उभ्या होत्या. एमिलची गाडी बिघडली आहे, हे कोणीतरी पहाटेच टेकडीवर पसरवलं होतं. ते कोणी केलं असेल, हे एमिलला सांगावं लागलं नाही. बायका पायऱ्यांनी उतरायला निघाल्या होत्या. सगळ्यांच्या पुढे ल्युदमिला, आणि तिच्या दंडाला धरून ऐंशी वर्षांची झुझाना म्हातारी. पहिली ओली पायरी उतरायला म्हातारीने पाय पुढे केला होता, एवढ्यात एमिलने गाडी वळवून चर्चपाशी उभी केली आणि तो दार उघडून खाली उतरला.

"बसा," तो म्हणाला. "म्हाताऱ्या आधी."

ल्युदमिलाने त्याच्याकडे रोखून पाहिलं. "बिघडली होती ना?"

"सुधारली."

तिने झुझानाला आधार देऊन पुढच्या सीटवर बसवलं, मागे तिघी कोंबल्या, आणि दार लावलं.

एमिलने त्या सकाळी सहा खेपा केल्या. प्रत्येक खेपेला तो बंबखान्याच्या दाराशी थांबायचा, उतरून दार उघडायचा, बायकांना हात धरून पायरी चढवायचा. त्या आपल्याविरुद्ध मत द्यायला निघाल्यात, हे त्याला एकेकीच्या तोंडावर दिसत होतं. काही जणी लाजत होत्या. झुझाना लाजली नाही. तिने त्याच्या गालावर हात फिरवला आणि स्लोव्हाकमध्ये म्हणाली, तुझ्या बापासारखा आहेस. डोलन आडोशाला सिगार ओढत उभा होता. दुसऱ्या खेपेला त्याने नापसंतीने मान हलवली. चौथ्या खेपेला पाठ फिरवली. सहाव्या खेपेला तो तिथे नव्हता.

त्या शेवटच्या खेपेत ल्युदमिला एकटीच होती. वळणावर ती म्हणाली, "दादा, डोलनने तुला शब्द दिला होता ना?"

"दिला होता."

"मग?"

"मग काय. रस्ते तपासायला माझे डोळे कमजोरच आहेत."

ती हसली नाही. तिने गिअरवरच्या त्याच्या हातावर आपला हात ठेवला आणि बंबखाना येईपर्यंत तसाच ठेवला.

ती मत देऊन आल्यावर तो स्वतः आत गेला. पडदा ओढला, समोर मतयंत्राचे दांडे. त्याला रूडी दिसला, अंधारात, तोफा गप्प झालेल्या ऐकत बसलेला. आणि त्याला बाबांचे हात दिसले, बोटांवर कातडी नसलेले, म्हातारपणाची एक दमडीही ज्यांना मिळाली नाही असे. तो बराच वेळ तसाच उभा राहिला. शेवटी बाहेरून कोणीतरी खाकरलं. त्याने सोळा वर्षं ओढला तोच दांडा ओढला. कोणाच्या भीतीने नाही, सवयीनेही नाही. पुन्हा विचार करून, पुन्हा तोच.

बुधवारी सकाळी कारखान्याच्या फाटकावर बातमी होती. जनरलसाहेब देशभर दणदणीत निवडून आले होते. हार्लो फेरीचा वॉर्ड गव्हर्नरसाहेबांनी राखला, पण नेहमीच्या निम्म्या फरकाने. पाळी सुटल्यावर एमिल टेकडीवर गेला. ल्युदमिला इस्त्री करत होती. जिंकल्याचा आनंद तिच्या चेहऱ्यावर कुठेच नव्हता.

"आता शब्द पाळला म्हणजे झालं," ती म्हणाली.

"मी गव्हर्नरसाहेबांनाच मत दिलं, ल्युदमिला. दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळू दे."

"ते मला ठाऊक होतं. तसं केलं नसतंस तर मला तुझी काळजी वाटली असती."

त्याने रूडीचा पत्ता मागितला. आतापर्यंत घरातल्या सगळ्यांच्या वतीने ल्युदमिलाच लिहायची, तळाशी 'एमिलमामाचा आशीर्वाद' एवढं जोडायची. आज तो तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसला आणि तिने दिलेल्या कागदावर पेन टेकवून नुसता बघत राहिला. भट्टीत पोलाद उतरवणारा माणूस, पण चार ओळी उतरवताना त्याच्या कपाळाला घाम आला. त्याने लिहिलं, की तुझं पत्र मला उशिरा कळलं. संप मी चालवला. तेव्हा माझ्या मनात तुझ्या आजोबांचे भाजलेले हात होते आणि मजुरांच्या चुली होत्या. तिकडे तोफेचे गोळे कमी पडतील, हे माझ्या मनात आलं नाही. यायला हवं होतं. उद्या पुन्हा तशीच वेळ आली, तर मी पुन्हा संप करीन, हे तुझ्यापासून लपवत नाही. पण ज्या रात्री तुम्हाला गोळे मिळाले नाहीत, त्या रात्रीबद्दल मी तुझी क्षमा मागतो. मग खाली सही केली. ल्युदमिलाने ते वाचलं नाही. पाकिटात घालून चिकटवलं.

रस्तेखात्यातली नोकरी जानेवारीत दुसऱ्या कोणाला मिळाली. एमिल पुढची पाच वर्षं भट्टीपुढेच राहिला. अ‍ॅग्नेसने त्याबद्दल त्याला एका शब्दाने टोचलं नाही. थंडी पडली, की ती त्याच्या छातीला कापूर घातलेलं तेल चोळायची, जरा जास्तच जोरात. जनरलसाहेब डिसेंबरात खरोखरच कोरियाला जाऊन आले. तह व्हायला जुलै उजाडला. तो त्यांच्यामुळे झाला की आणखी कशामुळे, यावर एमिल आणि ल्युदमिला पुढे जन्मभर भांडले, दर ख्रिसमसला, आणि दोघांपैकी एकानेही माघार घेतली नाही.

रूडी ऑक्टोबरात परतला. त्याला आणायला पिट्सबर्गच्या स्टेशनावर ल्युदमिला, गुस्टाव्ह आणि एमिल गेले. पोरगा वाळला होता, एका पायाची दोन बोटं थंडीने गेल्यामुळे किंचित लंगडत होता. आईने त्याला इतका वेळ धरून ठेवलं, की मागची गर्दी दोन्हीकडून वळसा घालून जाऊ लागली. एमिल चार पावलं मागे उभा होता. पत्राला उत्तर आलं नव्हतं, आणि वर्षभरात त्याने त्याबद्दल कोणाला विचारलंही नव्हतं.

रूडी आईपासून सुटून त्याच्याकडे आला.

"मामा, तुझं पत्र मी बंकरमध्ये सगळ्यांना वाचून दाखवलं."

"मग?"

"अर्धे म्हणाले, मामा बरोबर आहे. अर्धे म्हणाले, भेटला की गोळी घालतो."

"आणि तू?"

"मी म्हटलं, भांडायचं तर माझ्याशी भांडा. तो माझा मामा आहे."

एमिलने त्याच्या खांद्यावरची सैनिकी पिशवी काढून स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि पुढे चालू लागला.